मारुतीची प्लेट

साठ किलोचा बार माझ्या उजव्या खांद्यामागून धाडकन खाली गेला आणि समोरचे पंचांचे तिन्ही दिवे लाल झाले. हॉलमध्ये कुणीतरी ‘च्च’ केलं. मी कमरेचा पट्टा सैल करत पायऱ्या उतरले तेव्हा मगदूम सर टॉवेल घेऊन उभे होते. टॉवेल त्यांनी मला दिला नाही, स्वतःचंच कपाळ पुसलं.

“वाकडा गेला,” ते म्हणाले.

“कळलं मला.”

“डावी बाजू आधी वर गेली. उजवा हात झोपला तुझा.”

“झोपला नाही सर. रोज ओढते तसंच ओढलं.”

“मग तालमीत सरळ जातो आणि हितं वाकडा, ते कसं?”

सकाळी वॉर्मअपच्या खोलीतही बार असाच उजवीकडे कलत होता, पण तेव्हा आम्ही दोघांनीही ते मनावर घेतलं नव्हतं. हलक्या वजनाला माझा बार कायमच वाकडा जायचा. जड वजन लागलं की सरळ. सर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, की आमच्या राजश्रीचं डोकं वजन वाढल्याशिवाय ठिकाणावर येत नाही.

साताऱ्यातल्या एका शाळेचा हॉल होता आणि राज्याच्या संघाची निवड चालली होती. पहिला प्रकार स्नॅच, म्हणजे बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यायचा. प्रत्येकीला तीन संधी. तिन्ही गेल्या तर पुढच्या प्रकारात तुम्ही काय वाटेल ते उचला, दोन्हींची बेरीजच होत नाही. आणि एकदा सांगितलेलं वजन वर नेता येतं, खाली आणता येत नाही. साठ सांगून बसलो होतो. तालमीत साठ मी सर्दी झालेली असतानाही उचललं होतं.

घरी परत जायचं ते तात्यांसमोर. तात्या म्हणजे माझे वडील. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे भरायचे, भट्टीतला लोखंडाचा रस लॅडलमधून, म्हणजे लांब दांड्याच्या मोठ्या पळीतून, आणून त्यात ओतायचा. हे करता करता त्यांची कंबर कामातून गेली होती. सकाळी उठल्यावर भिंतीला धरून सरळ व्हायला त्यांना वेळ लागायचा आणि तेवढ्यात आम्ही कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, असा घरात न सांगता पडलेला रिवाज होता. एके दिवशी मीही तशीच भिंतीला धरून उभी राहिले आणि त्यांनी ते पाहिलं. काही बोलले नाहीत. साताऱ्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र जेवता जेवता म्हणाले, “ही एक करून ये. निवड झाली तर बघू. न्हाई झाली तर बंद. एका घरात एक मोडकी कंबर बास झाली.”

तात्या बोलायचे कमी, आणि बोललेलं फिरवायचे नाहीत.

कंबर वर्षभर दुखत होती. उजवीकडे, पट्ट्याच्या वरच्या अंगाला. सरांनी काही करायचं ठेवलं नव्हतं. आधी आठवड्याचे सहा दिवस सराव होता, तो चारवर आणला, मग तीनवर. वजन कमी करून रेप्स, म्हणजे किती वेळा उचलायचं ते, वाढवले, मग रेप्स कमी करून वजन वाढवलं. एक पंधरवडा नुसता मोकळा बार. सांगलीच्या फिजिओ मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या उजवी बाजू कमकुवत आहे, म्हणून उजवीकडचे वेगळे व्यायाम सुरू झाले. आईचं म्हणणं दूध कमी पडतंय. शेजारच्या काकूंना दृष्ट वाटत होती, आणि त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळूनही टाकल्या. सर तालमीच्या भिंतीवर खडूने नवा प्रोग्राम लिहायचे, महिन्याने पुसून दुसरा लिहायचे. ती भिंत शेवटी पांढरी झाली होती.

आता मी स्वतः पोरींना शिकवते. त्या मोबाइल पुढे करून विचारतात, मॅडम, हा प्रोग्राम करू की तो? तीन दिवस की पाच? वजन कधी वाढवायचं? दुखलं तर थांबू की रेटू? मी उत्तरं देते. पण त्या वर्षी ही सगळी उत्तरं सरांनी बरोबरच दिली होती आणि तरीही कंबर दुखत होती, हे मी विसरत नाही.

“दुसऱ्याला उजव्या हातानं जास्त ओढ,” सर म्हणाले. “डावा विसरूनच जा.”

माझं नाव पुकारलं. खडूची पूड हाताला लावली, वर गेले. डावा विसरायचा म्हणजे काय, हे बारसमोर वाकल्यावर कळलं. वर्षभर अंगात बसलेलं ओढणं एका मिनिटात कसं विसरणार? बार गुडघ्यापर्यंत आला तेव्हा मी उजव्याचा विचार करत होते आणि डोक्याकडे निघाला तेव्हा कसलाच नाही. तो माझ्या डोक्यावर पोचलाही. पण डावी बाजू वर आणि उजवी खाली, टोपल्यातली भाकरी कलावी तसा. उजवं कोपर थरथरलं, वाकलं, आणि कमरेत त्या नेहमीच्या जागी सळक गेली. मी बार सोडून दिला.

पुन्हा तीन लाल.

खाली आले ती सरळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडायला येत होतं आणि हॉलभर लोकांसमोर रडायचं नव्हतं.

“मध्ये एक पोरगी आहे,” सर मागून म्हणाले. “तिचं झालं की तू. तीन-चार मिनिटं मिळतील. कंबर?”

“दुखतीय.”

“सोडायचं का?”

“सोडलं तर घरी काय सांगू?”

तात्यांचं म्हणणं सरांनाही माहीत होतं. मी वळून प्लॅटफॉर्मकडे बघितलं. दोन पोरं बारवरच्या प्लेटा नीट करत होती. दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या निळ्या प्लेटा, एकाच कारखान्यातल्या, एकसारख्या. मी त्या निळ्या रंगाकडे बघत राहिले. आमच्याकडे अशी जोडी नव्हती. आमच्याकडे उजवीकडे लागायची ती जुन्या संचातली प्लेट, आणि डावीकडे मारुती.

आदल्या वर्षी जुन्या संचातली वीसची एक प्लेट तडकली होती. नवी एकटी प्लेट कुणी विकत देईना, तेव्हा सरांनी तात्यांना गळ घातली. तात्यांनी मालकाला विचारून, भट्टी उतरताना उरलेल्या रसातून एक प्लेट ओतून आणली. नुसती नाही आणली. साच्यात आधी मारुती कोरून घेतला होता; गदा, शेपूट, सगळं उठून आलेलं. सर इतके खूश झाले की त्यांनी नारळ फोडला आणि नियम केला. मारुतीला पाय लावायचा नाही, तो पालथा टाकायचा नाही, आणि बारला लावताना त्याचं तोंड कोनाड्यातल्या मारुतीकडे असलं पाहिजे. कोनाडा तालमीच्या डाव्या भिंतीत होता. बार ठेवायची जागा ठरलेली, खांद्यावर बार घेऊन बैठका मारायचा, तो स्क्वॉटचा स्टँडही त्याच तोंडाने. म्हणून मारुती कायम डावीकडे. बाकीची पोरं कुस्तीची, ताकदीपुरतं आठवड्यातून एकदा बारला हात लावणारी. रोज त्या बारखाली मीच असायचे. आणि जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच तालमीत, आमच्याच संचावर व्हायची, कारण जिल्ह्यात दुसरा धड संच नव्हता.

“सर,” मी म्हणाले, “आपली मारुतीची प्लेट कधी काट्यावर घातली होती?”

“आं?”

“वजन केलं होतं का तिचं?”

“अगं, देवाला काट्यावर घालतंय कोण?” ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थांबले.

“हलकं वजन माझं वाकडं जातं सर. हलक्याला मारुती नसतो. वीसची प्लेट लागली की सरळ जातो. हितं मारुती नाही.”

सरांनी प्लॅटफॉर्मकडे बघितलं, मग माझ्या उजव्या कमरेकडे. मधल्या पोरीचं नाव पुकारलं गेलं होतं. ती वर जाऊन हाताला खडू लावत होती.

“डावी बाजू जड आहे म्हणून तू वर्षभर डाव्यानं जास्त ओढतेयस,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि अंग डावीकडे पडू नये म्हणून उजवी कंबर धरून ठेवतेयस.” मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर थाप मारली. “आणि मी उजव्या बाजूला आणखी व्यायाम दिले.”

“ते राहू दे. आता काय करू?”

“आता ओढायचं बदलता येणार नाही. बदलायला गेलीस तर दुसऱ्यासारखं होईल.” त्यांनी बार धरल्यासारखे स्वतःचे दोन्ही हात हवेत पुढे केले. “हात सरकव.”

“कुठं?”

“दोन्ही हात उजवीकडे. दोन-दोन बोटं. म्हणजे बारचा मध्य तुझ्या डाव्या हाताजवळ येईल आणि डाव्याला जड लागेल. घरच्यासारखं.”

“पंच आडवतील?”

“कशाला? हात कुठं धरायचा ते तुझं तू बघायचं. नियमात काही नाही.”

प्लॅटफॉर्मवर धाडकन आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. त्या पोरीचं झालं होतं. माझं नाव आलं.

मी बारसमोर उभी राहिले. नेहमीच्या खुणेवर हात ठेवले आणि मग दोन्ही हात दोन-दोन बोटं उजवीकडे नेले. फार विचित्र वाटलं, दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं. समोर घड्याळ उलटं पळत होतं. मला आठवतंय, मी मारुतीचं नाव घ्यायला गेले आणि मला त्याचाच राग आला, म्हणून नाव न घेताच वाकले.

बार जमिनीवरून सुटला तसा डावा हात म्हणाला, हं, हे ओळखीचं आहे. पुढचं मी काही केलं नाही. अंगाला सवय होती तसं अंगाने ओढलं, बार पोटाला घासून वर गेला, मी खाली बसले, आणि तो डोक्यावर सरळ होता. पाटावर ठेवलेल्या ताटासारखा सरळ. उठताना कमरेत कळ आली तरी मी उठले. पंचांनी हात खाली केला आणि तिन्ही दिवे पांढरे झाले.

सर टॉवेल तोंडाला लावून उभे होते.

पुढच्या प्रकारात कमरेने जेवढं दिलं तेवढं उचललं. निवड पाच जणींची होणार होती. मी सहावी आले.

परतीच्या एसटीत कऱ्हाड मागे पडलं. मग सर म्हणाले, “तात्यांना मी सांगतो. प्रोग्राम चुकला म्हणतो. माझ्यावर घेतो. प्लेटचं काढायचं नाही.”

“का?”

“अगं, त्या माणसानं हौसेनं देव ओतून दिलाय. त्याच्याच प्लेटनं पोरीची कंबर धरली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आपण नवी आणू, ती गुपचूप कोपऱ्यात ठेवू.”

“तात्या बंद करतील सर. प्रोग्राम चुकला हे ते वर्षभर ऐकतायत.”

“बघू,” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. तात्यांची दुपारची पाळी होती. आईने चहा ठेवला. तात्या बशीत ओतून पीत होते, आणि सरांनी, आधी ठरवल्याप्रमाणे, सगळं स्वतःवर घेतलं.

“तात्या, चूक माझी आहे. प्रोग्राम चुकला. आता मी सगळा नव्यानं बसवतो. सहा महिने द्या मला.”

“गुरुजी,” तात्या म्हणाले, “आदी सहा दिवस चुकलं. मग चार दिवस चुकलं. आता आनी सहा म्हैने चुकायचं?”

“न्हाई, या वेळी—”

“तुमच्यावर राग न्हाई माझा. तुम्ही पोटच्या पोरीवानी केलंय तिचं. पर ती सकाळच्याला भितीला धरून हुबी ऱ्हाती, ते मला बघवत न्हाई. बंद.”

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. बोलू नको, असं. मी तात्यांच्या हातांकडे बघत होते. रसाचे थेंब उडून पडलेले पांढुरके डाग मनगटापासून कोपरापर्यंत होते. प्लेट आणली त्या दिवशी त्याच हातांनी त्यांनी ती सायकलच्या कॅरिअरला नव्या पांढऱ्या कापडात बांधली होती. आता बोलले तर त्यांना लागणार होतं, आणि न बोलले तर माझं सगळं संपणार होतं. मी स्वार्थी झाले.

“तात्या, मारुतीची प्लेट जड आहे.”

बशी खाली आली. “कोन म्हंतंय?”

“मी म्हणते. ती कायम डावीकडे लागते. म्हणून माझी कंबर उजवीकडे दुखते. प्रोग्राम चुकला नव्हता.”

आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तात्यांनी बशी बाजूला सारली. मग उठले, भिंतीला न धरता, आणि पायात चपला सरकवल्या.

“चला,” म्हणाले.

तालीम दोन गल्ल्या पलीकडे होती. प्लेट येऊन एवढे दिवस झाले तरी तात्या तिथे आत कधी आले नव्हते. पाळी, नाहीतर कंबर, नाहीतर पोरांच्या तालमीत पोरीला बघायला काय जायचं हा संकोच. दारातून आत आल्यावर ते आधी कोनाड्यातल्या मारुतीच्या पाया पडले. सरांनी कोपऱ्यातला काटा ओढून आणला. त्या काट्यावर मला रोज उभं करायचे, माझं वजन स्पर्धेतल्या वजनी गटाच्या वर जाऊ नये म्हणून. सरांनी दोन्ही हातांनी मारुती उचलला आणि काट्याजवळ नेला.

“घालू नका काट्यावर,” तात्या म्हणाले.

सर थांबले.

“बावीस हाय. बावीसला वर थोडी.”

सरांनी मारुती हळूच काट्याशेजारी उभा टेकवला.

“तुम्ही इसाची सांगिटली व्हती,” तात्या जमिनीकडे बघत म्हणाले. “मी म्हटलं, पोरगी तालमीत बावीस उचलंल, मग भाईर गेल्यावर ईस तिला हलकं जाईल. भट्टीवर नवं पोरगं आलं की आमी आदी मोठी लॅडल देतो. मग बारकी त्याला खेळण्यावानी वाटती. तसंच केलं.”

“मला सांगायचं तरी,” सर म्हणाले.

“सांगिटलं असतं तर तुम्ही तेवढं दुसरीकडनं काढलं असतंसा.”

हे खरंच होतं. सरांनी हिशेब करून बारवरचं तेवढं वजन नक्की काढलं असतं.

“आनी मला काय ठावं, ती कायम एकाच अंगाला लावताय? आज हिकडं, उद्या तिकडं लागंल, असं धरून चाललो मी.”

“देव आहे त्यावर तात्या. तोंड कोनाड्याकडे पाहिजे म्हणून—”

“त्यो देव मीच काढलाय,” तात्या म्हणाले.

मला राग आला होता. खरं सांगते, खूप आला होता. वर्षभराची कंबर, ती पांढरी झालेली भिंत, सहावा नंबर, सगळं घशाशी आलं होतं. आणि त्याच वेळी, भट्टीच्या धगीत उभा राहून दोन किलो जास्तीचा रस पोरीसाठी चोरून ओतणारा हा माणूस मला दिसत होता, आणि त्याच्यावर ओरडायला माझं तोंड उघडत नव्हतं.

“दाखीव,” ते मला म्हणाले. “कशी लागती ती.”

मी बार ठेवला. उजवीकडे जुनी प्लेट लावली, डावीकडे मारुती, तोंड कोनाड्याकडे. वाकले आणि बार नुसता गुडघ्यापर्यंत उचलून धरला. तात्या समोर उकिडवे बसले. साचा सपाट बसलाय का ते बघायला ते एक डोळा मिटून बघायचे, तसं त्यांनी बघितलं. बार सरळ होता. मग त्यांची नजर बारवरून माझ्या खांद्यांवर आली, आणि खांद्यांवरून कमरेवर. तिथे ती बराच वेळ राहिली.

“ठेव खाली,” ते म्हणाले. “ठेव, ठेव.”

मी ठेवला. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. मारुतीच्या पाया पडले आणि मग स्वतःच ती प्लेट बारवरून ओढून काढली.

“हिला वितळवतो.”

“नको, तात्या,” सर कळवळून म्हणाले. “देव आहे तो. असू दे कोनाड्यात.”

तात्यांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. मग माझ्याकडे वळले. सरांकडे नाही, माझ्याकडे.

“शनवारी भट्टी उतरंल तवा रस उरंल. किती किलोची वतू?”

मला त्यांचं म्हणणं समजायला वेळ लागला. मी सरांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून उगाच खडू शोधत होते.

“वीस,” मी म्हणाले.

“ईस म्हंजे?”

“वीस म्हणजे वीसच, तात्या.”

“बरं,” ते म्हणाले. “मारुती न्हाई काढत तिच्यावर. उगं जड हुतंय.”

त्यांनी प्लेट पोटाशी धरून उचलायला घेतली. अर्ध्यात त्यांची कंबर अडली. मला ते दिसलं आणि या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. पुढे झाले, प्लेटची दुसरी कड धरली. कोनाडा चार पावलांवर होता. दोघांनी मिळून ती उचलली आणि माझा डावा हात, त्याच्या सवयीने, झटक्यात वर गेला.

“सारखं धर,” तात्या म्हणाले.